पाणी नेमकं कुठं मुरतंय?

जव्हार-मोखाड्यात छोटंसं घर, पोर्चमध्ये झोपाळा, वर रंगीत शिंगल्सचं छप्पर... स्वप्न एकदम झकास आहे. पण पहिल्याच जुलैत बेडरूममध्ये बादली मांडायची नसेल, तर छपराचा एक कोपरा आधी समजून घ्या. त्या कोपऱ्याचं नाव आहे व्हॅली.

पावसाळा आला की ऑफिसात दोन पार्ट्या पडतात. एक भजी-चहावाली, दुसरी धबधबेवाली. गेल्या काही वर्षांत तिसरी पार्टीही तयार झाली आहे. ही मंडळी लंच टाइममध्ये कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलत असतात. ‘परत तिथूनच गळतंय? अहो, मागच्या महिन्यातच तर तुम्ही तिथं डांबर लावलंत ना!’ ओळखलंत. ही सेकंड होमवाली पार्टी. यातल्या काहींनी हौसेनं वीकेंड होम बांधलेलं असतं, तर काहींनी गावच्या आईवडिलांसाठी पहिल्या बोनसमधून जुन्या घराला नवं छप्पर चढवलेलं असतं.

गंमत म्हणजे अशा घरांमध्ये अख्खं छप्पर सहसा गळत नाही. दोन उतार जिथं आतल्या बाजूनं एकमेकांना भेटतात, तिथंच गळतं. ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ असं आपण ऑफिसच्या राजकारणाबद्दल म्हणतो. घराच्या बाबतीत ते ‘कुठंतरी’ बऱ्याचदा अगदी ठरलेलं असतं.

ब्रोशरच्या पलीकडचा पाऊस

जव्हारला लोक कौतुकानं ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात. मुंबईहून साधारण दीडशे किलोमीटर, उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, मुकणे राजघराण्याचा जयविलास पॅलेस, दाभोसाचा धबधबा, शिवाजी महाराज १६६४ मध्ये सुरतेच्या वाटेवर थांबले ते शिरपामाळ. तिथून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागलात की मोखाडा येतं, देवबांधचा गणपती येतो, सूर्यमाळचं पठार येतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर हे सगळं ठाणे जिल्ह्यात होतं.

पण घर बांधणाऱ्यानं सनसेट पॉइंटच्या आधी ढगांकडे बघायला हवं. अरबी समुद्रावरून आलेले ढग या डोंगरांना अडतात आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथं वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस ओततात. तोही मुंबईच्या फ्लॅटच्या खिडकीतून दिसतो तसा सरळ नाही. पठारावर वारा मोकळा असतो, त्यामुळे तो आडवा येतो, खालून वर उडतो, कौलांच्या फटीत घुसतो. ‘वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. वळचण म्हणजे छपराची खालची कड, आढं म्हणजे सगळ्यात वरचा कणा. पण जव्हारच्या जुलैत पाणी थोडं का होईना, उलट्या दिशेनं चढतं. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली, की पुढचे सगळे फंडे आपोआप कळतात.

व्हॅली म्हणजे नेमकं काय?

पुस्तक उघडून पालथं ठेवा. मधला उंच कणा म्हणजे आढं, दोन्ही बाजूंचे उतार म्हणजे पाखी. आता तेच पुस्तक उलटं, उताणं धरा. दोन पानांच्या मध्ये जी खोलगट घळ तयार होते, ती व्हॅली. घर इंग्रजी ‘एल’ आकाराचं असलं, किंवा मुख्य छपराला काटकोनात पोर्चचं छप्पर येऊन भिडलं, की आतल्या कोपऱ्यात ही घळ आलीच. ब्रोशरमध्ये जी तीन-चार टोकदार छपरांची ‘स्विस शॅले’ घरं दिसतात ना, त्यात अशा पाच-सहा घळी सहज असतात.

आता थोडं गणित. टेन्शन नको, सहावीतलं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. समजा, व्हॅलीच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी २० चौरस मीटर छप्पर आहे आणि तासाभरात ५० मिलिमीटरची सर आली. ४० गुणिले ५०, म्हणजे २,००० लिटर. हजार लिटरच्या दोन टाक्या, तासाभरात, वीतभर रुंदीच्या एका पट्ट्यातून. बाकीच्या छपरावर पाणी पसरून वाहतं. इथं ते नदी होतं.

त्यात आणखी एक मेख आहे, आणि ती बऱ्याच काँट्रॅक्टरांच्याही लक्षात येत नाही. व्हॅली ही दोन्ही पाख्यांपेक्षा कमी उताराची असते. तुमची पाखी ३० अंशांची असतील आणि काटकोनात भेटत असतील, तर व्हॅलीचा उतार भरतो फक्त २२ अंश. म्हणजे सगळ्यात जास्त पाणी आणि सगळ्यात कमी उतार, दोन्ही एकाच ठिकाणी. शिवाय झाडाचं पान पडलं की ते घरंगळत येऊन अडकतं तेही इथंच. साग, आंबा, मोह अशा झाडांच्या सावलीत घर असेल, तर पहिल्या सरीच्या आत तिथं पाचोळ्याचं छोटं धरण तयार असतं.

जुन्या घरांचा सिंपल फंडा

तुम्ही उतरता त्या रिसॉर्टच्या भिंतीवर वारली चित्र असतंच. पुढच्या वेळी त्यातलं घर नीट बघा. बहुतेक चित्रांत एक साधं, दोन्ही बाजूंना उतरणारं छप्पर असतं. कोपरे नाहीत, घळी नाहीत.

आणि ते नुसतं चित्रातच नव्हतं. या भागातलं पारंपरिक घर म्हणजे लाकडाचे खांब, कारवीच्या कुडाच्या शेणामातीनं सारवलेल्या भिंती आणि वर गवताचं, पेंढ्याचं नाही तर कौलांचं छप्पर. माणसं वाढली, की घर लांबीला वाढायचं, नाही तर पुढे-मागे पडवी निघायची. ही पडवीही फार हुशारीनं जोडलेली असायची. तिचं छप्पर मुख्य छपराला आडवं जाऊन भिडायचं नाही, तर मुख्य छपराच्या वळचणीखाली, थोडं खालच्या पातळीवर सरकायचं. वरचं पाणी खालच्या छपरावर पडून पुढे निघून जायचं. घळ व्हायचा प्रश्नच नाही.

गवताच्या छपराला व्हॅली परवडतच नाही, कारण तिथं पाणी साचलं की गवत कुजतं. त्यामुळे साध्या आकाराची ही निवड गरिबीची खूण समजू नका. तो अनुभवातून आलेला हिशेब होता. मंगलोरी कौलं आल्यावर थोडी मोकळीक मिळाली. बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत खाचेनं बसणारी ती लालबुंद कौलं सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. खाचेमुळे पाणी आत यायचं कमी झालं, छपरं मोठी झाली, वाडे काटकोनात वळायला लागले. मग आतल्या कोपऱ्यात पत्र्याची पन्हळ बसवणं आलं आणि दर मे महिन्यात ती साफ करणंही आलं.

म्हणून आर्किटेक्टला पहिला प्रश्न हा विचारा: ही व्हॅली खरंच हवी आहे का? ‘एल’ आकाराचं घर हवंच असेल, तर एक भाग दोन-तीन फूट खाली घेऊन त्याचं छप्पर वरच्या वळचणीखाली सरकवता येतं. कागदावर रेघ खोडायला पैसे पडत नाहीत.

शिंगल आलं कुठून?

डांबरी शिंगल हे मूळचं अमेरिकन. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावात हेन्री रेनॉल्ड्स नावाच्या छपरं घालणाऱ्या काँट्रॅक्टरनं १९०३ मध्ये डांबरी छपराच्या गुंडाळीचे तुकडे कापून ते लाकडी फळीसारखे एकावर एक लावले, तिथून ही गाडी सुटली. आजच्या शिंगलमध्ये आत काचतंतूंचं जाळं असतं, दोन्ही बाजूंनी डांबर आणि वर रंगीत खडीचे बारीक दाणे. वजनाला कौलापेक्षा हलकं, दिसायला स्मार्ट, माकडांनी उड्या मारल्या तरी जागेवरून न हलणारं. आपल्याकडे ते एक तर लोखंडी फ्रेमवर प्लाय ठोकून त्यावर बसवतात, नाही तर उतरत्या काँक्रीट स्लॅबवर.

माल उत्तम आहे, यात वाद नाही. पण शिंगल म्हणजे वॉटरप्रूफ चादर नव्हे. माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढवलेली ही तुकड्यांची रचना आहे. पाणी वरून खाली वाहतं, या एका विश्वासावर ती उभी आहे. व्हॅलीत पाणी आडवंही वाहतं. म्हणूनच तिथं बसवण्याची पद्धत वेगळी असते, आणि तिथंच गडबड होते.

तीन पद्धती, तीन स्वभाव

पहिली, विणलेली व्हॅली. वेणी घालतात तसं, एकदा डाव्या पाख्याचं शिंगल उजवीकडे न्यायचं, मग उजव्याचं डावीकडे, असं करत वर चढायचं. पत्रा लागत नाही, त्यामुळे स्वस्त. पण त्यासाठी दोन्ही पाख्यांचं काम एकाच वेळी, सारख्या रांगांत वर न्यावं लागतं आणि दोन्ही उतार जवळपास सारखे असावे लागतात. शिवाय शिंगल घळीत घट्ट दाबून बसवावं लागतं. खाली पोकळी राहिली, तर पुढे कोणाचा तरी पाय पडतो आणि ते तिथंच फाटतं. सध्या फॅशनमध्ये असलेले जाड, दुहेरी थराचे शिंगल्स तर नीट वळतच नाहीत. आपल्या पावसासाठी हिचा नाद नको.

दुसरी, बंद म्हणजे कापीव व्हॅली. आधी एका पाख्याचे शिंगल्स घळ ओलांडून समोरच्या पाख्यावर किमान १२ इंच न्यायचे. मग दुसऱ्या पाख्याचे शिंगल्स त्यावर आणून, मधल्या रेषेच्या २ इंच अलीकडे सरळ कापायचे. दिसायला अतिशय नीटनेटकी, पत्रा दिसत नाही, म्हणून आर्किटेक्टची लाडकी. पण खालच्या बाजूला कोणतं पाखं जाणार, ते महत्त्वाचं. कमी उताराचं किंवा कमी उंचीचं पाखं आधी घालायचं, आणि कापलेली कड मोठ्या पाख्याची ठेवायची. उलट केलंत, तर मोठ्या पाख्यावरचं पाणी जोरात येतं, मधली रेषा ओलांडतं आणि थेट समोरच्या कापलेल्या कडेखाली शिरतं. साइटवर हा क्रम अनेकदा कारागिरांच्या सोयीनं ठरतो, आणि एकदा शिंगल बसलं की खालून कोण आधी गेलं, ते कोणालाच दिसत नाही.

तिसरी, उघडी व्हॅली. घळीत सरळ पत्र्याची पन्हळ घालायची आणि दोन्ही बाजूंचे शिंगल्स तिच्या कडांवर आणून सोडायचे. मधला पत्रा उघडा दिसतो. ‘लुक’ थोडा कामगार वसाहतीसारखा वाटतो, अशी काहींची तक्रार असते. पण पाणी गुळगुळीत पत्र्यावरून सटकतं, पाचोळा कमी अडकतो, साफसफाई सोपी जाते आणि पत्रा कुजायला लागला तर डोळ्यांना दिसतो. जव्हार-मोखाड्यासारख्या ठिकाणी आमचं मत सरळ तिसऱ्या पद्धतीला. पत्रा रंगीत घेतला, तर तो छपरात मिसळूनही जातो.

उघडी व्हॅली, स्टेप बाय स्टेप

तुम्ही स्वतः शिडीवर चढणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण काम चालू असताना एका शनिवारी साइटवर जाऊन खालून बघितलंत आणि दोन प्रश्न विचारलेत, तरी निम्मं काम होतं. क्रम असा असतो.

अस्तर. घळीत मधोमध ३ फूट रुंदीची, स्वतः चिकटणारी डांबरी मेम्ब्रेन. अमेरिकेत थंड भागांत ती मुख्यतः बर्फ साचून पाणी उलटं चढतं म्हणून घालतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण वाऱ्यानं उलटं चढणारं पाणी आहे. त्यामुळे ‘हे फॉरेनच्या बर्फासाठी असतं साहेब, इथं गरज नाही’ हे ऐकून घेऊ नका. खाली काँक्रीट स्लॅब असेल, तर आतल्या कोपऱ्यात आधी सिमेंटची गोलाई काढून घ्यायची, म्हणजे मेम्ब्रेन ताणून पोकळ राहत नाही.

पत्रा. किमान २ फूट रुंद, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे एकेक फूट. मध्ये साधारण इंचभर उंचीची उभी घडी असलेला पत्रा मिळाला किंवा फॅब्रिकेटरकडून वाकवून घेतला, तर उत्तम. एका पाख्यावरून जोरात आलेलं पाणी ही घडी अडवते आणि ते समोरच्या शिंगलखाली जात नाही. दोन्ही पाख्यांचे आकार किंवा उतार वेगळे असतील, तर ही घडी हवीच. पत्र्याच्या बाहेरच्या कडा आतल्या बाजूला दुमडलेल्या हव्यात, म्हणजे चुकून शिरलेलं पाणी तिथंच वळतं. लांब व्हॅलीला दोन तुकडे लागले, तर वरचा तुकडा खालच्यावर ८ ते १२ इंच चढवायचा.

खिळे. मधल्या रेषेपासून ६ इंचांच्या आत एकही खिळा नको. एकही म्हणजे एकही. पत्रा शक्यतो कडेच्या क्लिपांनी धरायचा, कारण एप्रिलच्या उन्हात तो लांबतो आणि रात्री आखडतो. मधोमध खिळ्यांनी जखडला, तर तो फुगतो आणि खिळ्याचं भोक मोठं होत जातं. पत्रा ॲल्युमिनिअमचा असेल, तर साधा लोखंडी खिळा वापरू नका. दोन वेगळे धातू आणि पावसाचं पाणी एकत्र आले, की गंज ठरलेलाच.

सूत. सुतार सूत मारून दोन्ही बाजूंना सरळ रेषा आखतो आणि त्या रेषेवर शिंगल कापतो. या रेषा समांतर नसतात, खाली जाताना रुंदावतात. वर मधला उघडा पट्टा ६ इंच ठेवला, तर दर फुटाला एक अष्टमांश इंच वाढवायचा. १६ फुटांची व्हॅली असेल, तर तळाशी पट्टा ८ इंच होतो. कारण उघड आहे: खाली जाल तसं पाणी वाढतं.

कोपरा छाटणं. दिसायला ही क्षुल्लक गोष्ट, पण फार कामाची. घळीकडे येणाऱ्या प्रत्येक शिंगलचा वरचा टोकदार कोपरा तिरका छाटायचा. तो तसाच ठेवला, तर पाणी त्या टोकाला धरून शिंगलच्या वरच्या कडेनं आडवं आत सरकतं, आणि घळीपासून हात-दोन हात लांब, भलत्याच ठिकाणी छताला ओल दिसते. मग सगळे तिथं डांबर थापत बसतात. छाटलेल्या कडा पत्र्यावर डांबरी सिमेंटच्या पट्ट्यात बसवल्या, की काम पक्कं.

तोंड. व्हॅली जिथं संपते, तिथं तासाला दोन टाक्या पाणी खाली पडणार आहे. ते दरवाज्यासमोर नको आणि भिंतीच्या पायाशीही नको. खाली दगडांचा थर घाला, नाही तर सरळ टाकी ठेवा. मोखाडा तालुक्यात चार महिने धो धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात अनेक पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. अशा ठिकाणी हे पाणी ओढ्याला सोडून देणं बरं नव्हे. शिंगल्सवरून आलेलं पाणी प्यायला वापरू नका, पण बागेला आणि बाथरूमला झकास चालतं.

कौलंच हवी असतील तर?

तरीही व्हॅलीचा नियम तोच. खाली दोन्ही बाजूंना फळी, तिच्यावर पत्र्याची पन्हळ, पन्हळीच्या कडा वर वळवलेल्या आणि कापलेली कौलं त्या कडांच्या पुरेशी आत आलेली. मधला पट्टा मोकळा. कौल कापलं की त्याचे लहान त्रिकोणी तुकडे होतात. त्यांना रिपेवर अडकायला मागचा दात उरत नाही. असे तुकडे तारेनं बांधून घ्या, नाही तर वर्षभरात ते घसरून पन्हळीत येतात.

आणि सगळ्यात मोठी चूक: फट दिसली की सिमेंट भरणं. पत्रा उन्हात हलतो, सिमेंट हलत नाही. दोघांत केसाएवढी फट पडते आणि ती पाणी आत ओढून घेते. वरून सगळं छान बुजलेलं दिसतं, आत वासा मात्र कुजत असतो. ‘घर फिरलं की वासेही फिरतात’ म्हणतात, इथं वासे आधी फिरतात.

कॅलेंडर बघून काम काढा

छपराचं काम पावसाआधी, हे कोणीही सांगेल. पण इथलं कॅलेंडर थोडं वेगळं आहे. जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कोणी बांधकामांवर. मुंबई-ठाण्यातल्या आपल्या टॉवरच्या विटांना यातल्या कोणाचा तरी हात लागलेला असू शकतो. ही मंडळी पावसाच्या तोंडाशी परत येतात. मग मे महिन्यात आधी स्वतःच्या घराची शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून, साफ करून, फुटकी बदलून परत लावणं. आणि पहिला पाऊस झाला की नाचणी, वरई, भाताची कामं. जुलैत आवणीच्या दिवसांत ‘लगेच माणूस पाठवा’ असा फोन केलात, तर माणूस येणार नाही, आणि का यावं? त्याचं वर्षाचं धान्य त्या आठवड्यावर अवलंबून असतं.

म्हणून शिंगल्सचं काम मार्च-एप्रिलमध्ये उरका. शिंगल्सना खालून चिकटपट्टी असते. ती उन्हानं तापली की एकमेकांना धरते. पावसाळी हवेत बसवलेले शिंगल्स चिकटत नाहीत आणि वारा आला की उचलले जातात. मात्र भर दुपारी त्यावर चालू देऊ नका, तापलेल्या डांबरावरचे दाणे निघतात. काम सकाळी. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यातही अर्थ नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि पालघर जिल्ह्यात घरांच्या छपरांचं नुकसान करून गेलं. तेव्हा पावसाळा सुरू व्हायला अजून जवळपास तीन आठवडे होते.

स्थानिक सुतारांना कामात घ्या, शहरातला दर द्या आणि वर्षातून एकदा मे महिन्यात येऊन व्हॅली साफ करण्याचं आत्ताच ठरवून ठेवा. शहरातून आलेली टीम बिल घेऊन जाते. पाचोळा दर वर्षी पडतो.

सही करण्याआधी विचारा

* छपरात एकूण किती व्हॅली आहेत? त्यातली कोणती टाळता येईल?
* व्हॅली उघडी, बंद की विणलेली? ड्रॉइंगमध्ये तसं लिहिलंय का?
* मेम्ब्रेन ३ फूट आणि पत्रा २ फूट रुंद आहे का? पत्रा कोणत्या धातूचा?
* बंद व्हॅली असेल, तर कोणतं पाखं खाली जाणार?
* शिंगल चढवण्याआधी अस्तर आणि पत्र्याचे फोटो पाठवणार का? (हे करारातच लिहा.)
* काम झाल्यावर पाइपनं पाणी सोडून टेस्ट करणार का? खालून सुरुवात करून हळूहळू वर, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं.
* व्हॅलीचं पाणी खाली कुठं जाणार?

जमीन घेण्याआधी

जव्हार आणि मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची, तर राज्य सरकारच्या मान्यतेनं जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ‘कागद नंतर होतील’ म्हणणाऱ्या एजंटला लांबूनच नमस्कार करा. छप्पर दुरुस्त करता येतं, असा व्यवहार नाही.

आता कोणी म्हणेल, एका कोपऱ्यासाठी एवढी डोकेफोड कशाला? एका व्हॅलीचा पत्रा आणि अस्तर म्हणजे घराच्या खर्चात अगदीच चिल्लर. पण तेच वाचवलं, तर खालचा प्लाय कुजतो, फॉल्स सीलिंग उतरतं, वायरिंगमध्ये पाणी जातं. आणि घर आईवडिलांचं असेल, तर रात्री तीन वाजता बादली बदलायला तेच उठतात, आपण नाही. तेव्हा येत्या मार्चमध्ये एक शनिवार मोकळा ठेवा, साइटवर जा आणि पत्रा झाकला जाण्याआधी त्याचा फोटो काढा. मग जुलैत भजी-चहावाल्या पार्टीत बिनधास्त बसा.